दांतांवरचे साचे

श्रोतेहो, हें भाषण मी तोंडांत प्लॅस्टिकचे दोन पारदर्शक साचे घालून करीत आहें. तेव्हां एखादा 'स' घसरला, तर दोष आपल्या रेडिओचा मानूं नये. या साच्यांना अलाइनर म्हणतात. तारांऐवजीं ते लावून वांकडे दांत हळूहळू सरळ करतात. वयाच्या ६४ व्या वर्षीं हा उद्योग कशाला, असें आपण विचाराल. खालचे पुढचे दांत एकमेकांवर चढले होते. त्यांत अन्न अडकून हिरड्या सुजत. आधीं हिरड्या बऱ्या केल्या, मगच दंतवैद्यांनीं साचे दिले.

त्रास होतो, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. एकेक साचा दांताला सुमारें पाव मिलिमीटर सरकवितो. दांत व हाड यांच्यामध्यें तंतूंचें पातळ आवरण असतें. तें एका बाजूस दाबलें जातें, तेथील हाड झिजतें आणि मागल्या बाजूस नवें भरतें. म्हणून नवा साचा घातल्यावर दोन-तीन दिवस दांत ठणकतात. पोळीचा तुकडाही नकोसा होतो.

माझी चूक येथेंच झाली. चौथा साचा फार दुखूं लागला, म्हणून घरांत कोणास न सांगतां मीं तो तीन दिवस डबींत ठेवून दिला. दुखणें थांबलें, चहाही मनसोक्त झाला. पुढें पाहतों तों साचा बसेना! दांत मागें फिरले होते. दंतवैद्यांनीं पुन्हां तिसरा साचा घालावयास लाविला आणि तीन दिवसांच्या सुखापायीं दोन आठवडे गेले. दिवसांतून २०-२२ तास साचा तोंडांत हवा, हा नियम दुखण्याच्या दिवसांतही सुटत नाहीं.

आतां नवा साचा मी निजतांना घालतों; पहिले कठीण तास झोपेंत जातात. तो नीट बसावा म्हणून रबरासारखें मऊ, लहान नळकांडें मिळतें, तें थोडा वेळ चावतों. थंड पाणी आणि मऊ भात यांनीं बरें वाटतें. फारच ठणकलें, तर दंतवैद्यांना विचारून पॅरासिटमॉलची गोळी घेतों.

साच्याची कड जिभेला कापत असेल, तर तें दुखणें मात्र निराळें. तें सोसूं नये. कडेवर दंतवैद्यांकडील मेण लावावें, आणि जखम भरेना तर त्यांना दाखवावी.

चहा साचा काढूनच घ्यावा लागतो, कारण ऊन चहानें प्लॅस्टिक वांकतें. शिवाय प्रत्येक वेळीं दांत घासणें आलें. त्यामुळें माझे सहा कप दोनांवर आले आहेत, व घरांत याचाच आनंद अधिक आहे. 'स' सुधारावा म्हणून रोज अग्रलेख मोठ्यानें वाचतों. अजून नऊ साचे राहिले आहेत.