जळजळ आणि दुर्बीण तपासणी



आपल्या नांदेड-लातूरकडे छातीतील जळजळ सोड्यावर वा गोळीवर वर्षानुवर्षे निभावून नेली जाते. सततच्या आम्लामुळे काहींच्या अन्ननलिकेचे फिकट अस्तर पालटून तांबूस, आतड्यासारखे होते. लंडनचे शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांच्या नावाने हा विकार ओळखला जातो. त्यातून कर्करोग थोड्यांनाच होतो. परंतु जळजळ शमली म्हणजे अस्तर पूर्ववत झाले, असे नव्हे. एंडोस्कोपीत पालट दिसतो. निदान मात्र दर २ सेंटिमीटरवर चारही बाजूंनी घेतलेल्या तुकड्यांच्या तपासणीनेच पक्के होते. म्हणूनच देणगी केवळ दुर्बिणीसाठी नव्हे, तर गरजू रुग्णाच्या या तपासणीसाठीही हवी. घास अडकणे, वजन घटणे, काळी शौचास होणे ही लक्षणे दिसताच रुग्णास विनाविलंब आणावे, ही नम्र विनंती.