मांडलेला क्षण आणि धूसर पार्श्वभूमी



क्रिकेटच्या इतिहासाची थोडीफार गोडी असलेल्या गृहस्थाने व्हिक्टर ट्रंपर या ऑस्ट्रेलियन फलंदाजाचे एक छायाचित्र कोठे ना कोठे पाहिलेले असतेच: बॅट मागे उंच गेलेली, पुढचा पाय जमीन सोडून अधांतरी, आणि सारा देह अजून न बसलेल्या फटक्याच्या दिशेने खेचला गेलेला. लंडनच्या ओव्हल मैदानावर ते टिपणारा जॉर्ज बेल्डम हा स्वतः मिडलसेक्सकडून खेळणारा फलंदाज होता, आणि सी. बी. फ्राय यांच्या सहकार्याने त्याने १९०५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात डब्ल्यू. जी. ग्रेस, आपले रणजितसिंहजी आणि हा ट्रंपर अशा मातबरांचे फटके शेकडो छायाचित्रांतून उलगडून दाखविले होते. ट्रंपरचे हे चित्र सामन्यातले नाही. खेळाडूला पाचारण करावे, जागा मुक्रर करावी आणि फटका मुद्दाम खेळवून घ्यावा, अशी बेल्डमची तजवीज असे. आणि ती लपविण्याचा त्याचा इरादाही नव्हता, कारण चित्राखालच्या ओळीत फटक्याचे वर्णन आहे, प्रतिस्पर्ध्याचे वा सामन्याचे नाव नाही.

माझा विषय त्या चित्राची पार्श्वभूमी हा आहे. ती धूसर आहे, आणि त्या धूसरतेमुळेच फलंदाज आपल्या अंगावर चालून आल्यासारखा वाटतो. परंतु हे त्या काळी बव्हंशी सक्तीचे देणे होते. काचपट्ट्या मंद होत्या. हलता देह गोठवायचा तर शटर क्षणार्धात मिटणे प्राप्त, आणि एवढ्या अल्पावधीत पुरेसा प्रकाश आत यावा म्हणून भिंगाचे छिद्र मोठे ठेवणेही प्राप्त. पट्टी मोठी म्हणून भिंगाचे नाभ्यंतरही मोठे. या तिन्हींचा परिणाम असा की, स्पष्टतेची खोली, ज्याला छायाचित्रकार डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात, ती अतिशय तोकडी राहावी. आज ही सक्ती उरलेली नाही, तरी आपण तोच परिणाम हौसेने आणि बऱ्याच खर्चाने विकत घेतो.

त्याचे गणित एकदा डोळ्यांखालून घालावे. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरचे भिंग, छिद्र एफ २.८ आणि खेळाडू १० मीटरवर असेल, तर स्पष्टतेचा पट्टा सुमारे १९ सेंटिमीटरचा, म्हणजे जेमतेम एका वितीचा, असतो. खेळाडू २० मीटरवर गेला की तोच पट्टा चौपट होतो. सामन्यात या वितीमागे धावताना छायाचित्रकाराची तारांबळ उडते. मांडलेल्या दृश्यात मात्र क्षण कोठे घडणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे फोकस अगोदरच त्या जागी लावून ठेवता येतो, आणि एवढी बारीक हद्द आखण्याची चैन खऱ्या अर्थाने येथेच परवडते.

आपल्या खो-खोचा दाखला घ्या. खांबाला वळसा घालून निसटणाऱ्या गड्यावर पाठलाग करणारा सूर मारतो, आणि आपल्याला तेच चित्र हवे आहे. खांबापाशी मातीत खडूची खूण करून फोकस तिच्यावर बांधला. आता कॅमेरा समोर ठेवला, तर सूर मारणाऱ्याचा देह आपल्याकडे तोंड करून आडवा येतो. त्याची बोटे आणि डोळे यांत हातभर अंतर, आणि आपल्यापाशी तर एकच वीत. छिद्र एफ ८ पर्यंत आवळले, तरी पट्टा अर्ध्या मीटरच्या आसपासच जातो, प्रकाश मात्र अष्टमांशावर येतो. तेव्हा बोटे घ्यायची की डोळे, याचा निवाडा करावाच लागतो. पुष्कळ छायाचित्रकार सवयीने डोळे धरतात. माझे मत उलट आहे: खो-खोत निकाल बोटे देतात, आणि गड्याच्या पाठीला टेकू पाहणारी ती बोटे स्पष्ट असतील तर चेहरा किंचित विरघळला तरी हरकत नाही. कॅमेरा बाजूला नेला, की बोटांपासून टाचेपर्यंतचा देह एकाच प्रतलात येतो आणि सारे स्पष्ट होते. चित्र बिनचूक खरे, पण त्यातला धसका जातो. (सूर पुनःपुन्हा मारवून घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की गुडघे सोलवटल्यावर तोच गडी सूर मारत नाही, सूर मारल्याचा अभिनय करतो, आणि भिंग तो अभिनय इमानाने टिपते.)

धूसरतेचा एक गैरवापरही आहे. प्रेक्षागारातील रिकाम्या खुर्च्या मोठ्या छिद्रातून पाहिल्या की त्यांचे रंगीत ठिपके होतात, आणि पाहणारा त्यांना गर्दी समजतो. जाहिरातीत हे चालते, कारण जाहिरात साक्ष देण्यास उभी नसते. तेच चित्र वृत्तपत्रात सामन्याचा दस्तऐवज म्हणून छापले, तर ती सरळ फसवणूक होय. मग चित्र कितीही देखणे असो.

अलीकडे मोबाइल फोनही ही धूसरता हिशेबाने तयार करून देतात. स्थिर चेहऱ्याला ती बरी शोभते. परंतु गोलपोस्टची जाळी, उडालेली माती, बॅटची कड यांपाशी तो हिशेब अनेकदा चुकतो, आणि जाळीचा अर्धा भाग पुसला जातो. ज्यांच्यापाशी महागडे भिंग नाही, त्यांनी यंत्राच्या हिशेबावर विसंबण्यापेक्षा खेळाडूला मागच्या भिंतीपासून जमेल तितके दूर आणावे आणि आपण त्याच्या जवळ सरकावे. पार्श्वभूमी त्यानेही बरीच मऊ होते. शाळेच्या मोकळ्या मैदानावर एवढी जागा बहुधा असतेच. फक्त कुंपणाला लागून उभ्या केलेल्या सायकली आधी हलवून घ्याव्यात.