सभासदांच्या मालकीचा निरोप्या

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजक म्हणाले, "तू संगणकातला माणूस, इंटरनेटवर बोल. पण सगळ्यांना कळेल असं बोल." म्हणून सुरुवात उसापासून करतो.

1950 साली आपल्याच जिल्ह्यात, प्रवरानगरला, विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला. ऊस शेतकऱ्याचा आणि भाव ठरवणार दुसराच, ही रीत त्यांना मोडायची होती. सोनईत आपला मुळा कारखाना आहे. एका सभासदाला एक मत म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

आता मोबाईलकडे या. आपला ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. निरोप आपले, फोटो आपले, पण नियम ठरवणार सातासमुद्रापलीकडची कंपनी. 2021 मध्ये तिने गोपनीयतेचं धोरण बदललं, तेव्हा आपलं मत कुणी विचारलं नाही. 'मान्य' म्हणायचं बटण समोर आलं.

कुणी म्हणेल, लपवण्यासारखं आहेच काय? आपण तर शिंगणापूरचे शेजारी, तिथे घरांना दारं न लावण्याची परंपराच आहे! पण दार न लावणं हे त्या गावाने स्वतः ठरवलंय. आपलं दार दुसऱ्याने काढून नेलं, तर त्याला श्रद्धा म्हणत नाहीत. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे.

मग दुसरा मार्ग आहे का? आहे. ईमेल पाहा. जीमेलवरून याहूवर पत्र जातं, कारण ईमेल कुणा एकाच्या मालकीचा नाही. झटपट निरोपांसाठीही अशी खुली पद्धत आहे, एक्सएमपीपी. 2005 मध्ये आलेलं गुगल टॉक याच पद्धतीवर चालायचं. दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशीही त्यातून बोलता यायचं. 2013 मध्ये कंपनीने हँगआउट्स आणलं आणि त्यात ती सोय ठेवली नाही. धडा असा, की पद्धत खुली असून भागत नाही, मालकीही आपली लागते.

हेच ओळखून आपल्या देशातल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या काही कार्यकर्त्यांनी 'प्राव' नावाचं अ‍ॅप सुरू केलं. मल्याळममध्ये प्राव म्हणजे कबूतर. ते एक्सएमपीपीवर चालतं, त्याचा सोर्स कोड कुणालाही तपासता येतो आणि दुसऱ्या सर्व्हरवरच्या लोकांशीही त्यावरून बोलता येतं. मला सर्वांत भावलं ते पुढचं. ही मंडळी कंपनी काढून गुंतवणूकदार शोधत बसली नाहीत. वापरणारेच सभासद असतील अशी बहुराज्यीय सहकारी संस्था उभी करायची, असं त्यांनी ठरवलं. नियम बदलायचे तर सभासदांना विचारून!

काम सोपं नाही. सर्व्हरचं भाडं आहे, नोंदणीच्या एसएमएसचा खर्च आहे, दुरुस्तीला माणसं लागतात. सर्वांत मोठी अडचण म्हणजे, सगळे तिकडे असताना मी एकट्याने इकडे येऊन बोलू कुणाशी? पण कारखान्याचं धुराडं उभं राहण्याआधीच आपल्या वाडवडिलांनी भाग घेतले होते ना?

सहकाराची दुसरी बाजूही आपण पाहिली आहे. सभासद सवलतीची साखर न्यायला येतात आणि वार्षिक सभेला फिरकत नाहीत, तेव्हा संस्था नावापुरतीच सहकारी उरते. इंटरनेटवरही तेच होईल. मालकी हवी तर वर्गणी द्यावी लागेल, सभेला बसावं लागेल, प्रश्न विचारावे लागतील.

व्हॉट्सअ‍ॅप आजच काढून टाका, असं मी म्हणत नाही. दोनच विनंत्या आहेत. आज सरांनी आणि बाईंनी सांगितलेल्या आठवणी, जुने फोटो, हे सगळं एका हार्ड डिस्कवर घेऊन शाळेच्या ग्रंथालयात ठेवू या. ग्रुप राहो न राहो, ते आपल्याकडे राहील. आणि आपल्यातल्या निदान दहा जणांनी अशा खुल्या अ‍ॅपवर एक छोटा ग्रुप सुरू करावा. जेवणानंतर मी बाहेर व्हरांड्यात बसतो, ज्यांना यायचं त्यांनी फोन घेऊन या.