फिकट पेशी, गडद भ्रूण

एका फलित अंड्यातून डोकं, पाठ, पोट नेमकं जागच्या जागी कसं घडतं? या प्रश्नाला जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात वाट सापडली. हान्स श्पेमान तिथे प्राध्यापक होते आणि हिल्डे मँगोल्ड ही त्यांची विद्यार्थिनी.

हिल्डेनं न्यूटचे, म्हणजे बेडकासारख्याच पण शेपटीच्या उभयचराचे, भ्रूण घेतले. एक जात फिकट, दुसरी गडद. फिकट भ्रूणाच्या पाठीकडच्या भागातला इवलासा तुकडा तिनं गडद भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवला. हत्यारं होती काचेच्या बारीक सुया आणि तान्ह्या बाळाच्या केसाचे फासे! प्रतिजैविकं नव्हती, त्यामुळे बहुतेक भ्रूण दगावत. जे मोजके जगले, त्यांच्या पोटाशी दुसरा भ्रूण आकाराला आला, स्वतःच्या मज्जारज्जूसकट.

खरी गंमत रंगात आहे. नव्या मज्जारज्जूच्या पेशी बहुतांशी गडद होत्या, म्हणजे यजमानाच्याच. रोपलेल्या तुकड्यानं शेजारच्या पेशींना वेगळं काम सोपवलं होतं. श्पेमान यांनी त्याला ‘संघटक’ म्हटलं. हे काम करणारे नॉगिन, कॉर्डिन यांसारखे रेणू सापडायला मात्र 1990 चं दशक उजाडावं लागलं.

शोधनिबंध 1924 मध्ये छापला गेला. त्याच वर्षी स्वयंपाकघरातल्या स्फोटात भाजून हिल्डेचा मृत्यू झाला. ती पंचवीस वर्षांची होती. 1935 चं नोबेल एकट्या श्पेमान यांना मिळालं. या शोधाबद्दल बोलताना हिल्डेचं नावही आवर्जून घ्या.