मोटारवाल्यांचे कर्ज

सोसायटीत कर्ज मागायला गेलं की सेक्रेटरी सातबारा मागतो, पीक कोणतं ते विचारतो, जामीन मागतो. आपण मनातून चिडतो. पण पैसा सगळ्यांचा आहे. विचारणारा हवाच. आज आम्ही तुम्हांला अमेरिकेतली अशीच हकिकत सांगणार आहोत. तिथे कर्ज मागणारे मात्र फार मोठे होते.

२००८ साली त्या देशात मंदी आली. मोटारी खपेनात. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तीन मोठ्या कंपन्या. त्यांच्यावर लाखो घरांच्या चुली पेटत होत्या. नोव्हेंबरात तिघांचे मुख्य अधिकारी राजधानीला, वॉशिंग्टनला गेले. २५ अब्ज डॉलर द्या म्हणाले. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी! पैसा रयतेच्या कराचा. म्हणून त्यांना कायदेमंडळापुढे उभे राहावे लागले. तिथे कायदेमंडळाला काँग्रेस म्हणतात. आपल्याकडचा पक्ष तो नव्हे.

गंमत अशी, की हात पसरायला तिघेही खासगी विमानाने आले होते. एका सभासदाने विचारले, साध्या प्रवासी विमानाने कोण आले? हात वर करा. एकही हात वर झाला नाही. मग त्यांना सांगण्यात आले, पैसा कशाला लावणार ते आधी लिहून आणा. डिसेंबरात तिघे परत आले ते आपापल्या कंपनीच्या मोटारीने. सोबत कागदपत्रे होती.

तरी जमले नाही. खालच्या सभागृहाने होकार दिला, पण वरच्या सभागृहात, म्हणजे सेनेटमध्ये, मदत अडली. तेव्हा अध्यक्ष बुश यांनी बँकांसाठी मंजूर झालेल्या पैशातून १७.४ अब्ज डॉलर देऊ केले. ते जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांच्यासाठी होते. फोर्डने त्यातले घेतले नाहीत. आम्हांला विचाराल तर एका नावाचा पैसा दुसरीकडे वळवणं काही बरं नव्हे. पण बँकांच्या त्या कायद्यातच तपासणीची सोय होती. एक खास तपासनीस आणि पाच जणांचे मंडळ. त्यांनी मोटारवाल्यांनाही सोडले नाही.

२००९ साली जनरल मोटर्सचे दिवाळे निघाले. सरकारने आणखी पैसा ओतला आणि बदल्यात निम्म्याहून जास्त शेअर घेतले. साखर कारखान्याचे शेअर आपण घेतो, तसेच हे. पुढे एप्रिल २०१० मध्ये कंपनीने जाहिरात दिली, की सरकारचे कर्ज व्याजासकट, मुदतीच्या पाच वर्षे आधी फेडले. लोकांना वाटलं, वा! पण तपासनीस नील बॅरोफ्स्की यांनी सेनेटच्या समितीला खरी गोष्ट सांगितली. फेडीचा पैसा मोटारी विकून आलेला नव्हता. सरकारने दिलेल्या मदतीतलाच काही पैसा एका खात्यात बाजूला ठेवलेला होता, त्यातून तो भरला होता. मंडळी, आपल्याकडे नवं-जुनं करतात ना, त्यातलाच हा प्रकार. वहीत फेड दिसते, पदरचा पैसा जात नाही.

शिवाय कर्ज हा लहान भाग होता. मोठी रक्कम शेअरांत अडकली होती. ते शेअर सरकारने विकत आणले आणि डिसेंबर २०१३ मध्ये शेवटचे विकले. कंपनी तगली, कितीतरी कामगारांच्या नोकऱ्या वाचल्या, हे खरेच. पण एकट्या जनरल मोटर्समध्ये सुमारे ५० अब्ज डॉलर गेले होते. त्यांतले १० अब्जांहून जास्त परत आले नाहीत. हा आकडा दडवता आला नाही. तपासनीसाच्या अहवालात तो छापून आला आणि काँग्रेसच्या सभासदांच्या हाती गेला.