झाडावरचा दोर: ताण आणि ढील



पावसाळ्याच्या तोंडावर गावोगावी आंब्या-वडाच्या फांद्या छाटतात. माणूस दोर लावून वर चढतो.

पण कोणता दोर?

गिर्यारोहकाचा नायलॉनचा दोर मुद्दाम ताणणारा असतो. जोरात पडल्यास 10 फूट दोर 3 फुटांनीही लांबू शकतो. त्या लांबण्यातच झटका जिरतो. पाठ-कंबर वाचते.

झाडकामाचा दोर वेगळा. तो फार कमी ताणतो. त्यावर लटकून करवत चालवायची, तिथे खालीवर हेलकावे परवडत नाहीत. मात्र हा दोर झटका फारसा जिरवत नाही. सगळा हिसका अंगावर येतो.

म्हणून, दोर ढिला नको.

ढील जितकी, तितके मोकळे पडणे. दोराचा आधार डोक्याच्या वर घ्यावा, जाड, जिवंत फांदीवर. वर सरकले, की सुटलेला दोर लगेच ओढून घ्यावा.

पुन्हा एकदा: दोर ढिला नको.

करवत चालवताना दुसरा आधारही हवा. आत पोलादी तार असलेला पट्टा उत्तम. ताणलेल्या दोराला करवतीचा दात नुसता लागला, तरी तो कापला जातो.

छाटणीला माणूस बोलावलात, तर आधी त्याचा दोर बघा. विहिरीचा जुना दोर असेल, तर त्याला वर चढू देऊ नका.