हस्तलिखित कोणाच्या हाती द्यावं?



मराठीत लिहिणाऱ्याला सहसा एजंट लागत नाही. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाकडे हस्तलिखित थेट पाठवायचं आणि संपादकाच्या उत्तराची वाट पाहायची, ही आपली रीत. पण इथे ऑस्ट्रेलियात आपली मुलं इंग्रजीत कथा-कादंबऱ्या लिहू लागली आहेत. नोकरीतून निवृत्त झालेले काही जण नातवंडांना वाचता याव्यात म्हणून इंग्रजीत आठवणी लिहिताहेत. त्यांना पहिल्याच पायरीवर कळतं, की बरेच मोठे प्रकाशक एजंटमार्फत आलेलं लेखन आधी हाती घेतात. मग एजंट शोधणं आलं. तो भरवशाचा आहे की नाही, हे पारखायचं कसं, याबद्दल आज बोलायचं आहे.

सगळ्यात आधी पैशाचा हिशेब समजून घ्या. इथे छापील पुस्तकावर लेखकाला साधारणपणे विक्री किमतीच्या १० टक्के रॉयल्टी मिळते. ३० डॉलरच्या पुस्तकामागे ३ डॉलर. त्यातून एजंटचं कमिशन बहुधा १५ टक्के, म्हणजे प्रतीमागे ४५ सेंट, वर जीएसटी. परदेशातले हक्क विकले तर कमिशन जास्त असतं, कारण तिकडच्या एजंटलाही वाटा जातो. समजा, तुमच्या पुस्तकाच्या ३,००० प्रती खपल्या. रॉयल्टी झाली ९,००० डॉलर आणि त्यातले १,३५० एजंटचे. एवढ्यासाठी त्याने हस्तलिखित वाचायचं, दुरुस्त्या सुचवायच्या, योग्य संपादक शोधायचा, करारातल्या एकेका कलमावर घासाघीस करायची. म्हणूनच चांगला एजंट मोजकेच लेखक घेतो. त्याने नकार दिला तर मन खट्टू होतं, पण तो नकार प्रामाणिक असतो.

आणि याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते. एजंटची कमाई तुमच्या कमाईतूनच व्हायला हवी. हस्तलिखित वाचण्याची फी, नोंदणीची फी, ‘प्रकाशकांपर्यंत पोचवण्याचा खर्च’, अशा नावांनी जो आधीच पैसे मागतो, त्याचं पोट पुस्तक खपण्यावर नाही, तुमच्या आशेवर चालतं. हस्तलिखिताचं मूल्यमापन करून देणारे जाणकार इथे फी घेऊन काम करतात आणि ते रास्तच आहे. पण तो व्यवसाय वेगळा. एजंटच तुम्हाला आपल्या ओळखीच्या ठरावीक मूल्यमापकाकडे पाठवू लागला, तर तिथेच थांबा.

अलीकडे आणखी एक प्रकार वाढला आहे. नामांकित एजंटचं नाव लावून भलताच कोणी ईमेल करतो. तुमच्या लेखनाची भरभरून स्तुती असते, चित्रपटाचे हक्क, अमेरिकेतली आवृत्ती, सगळं असतं. दोन-तीन पत्रांनंतर बँकेचा खाते क्रमांक येतो. नव्या लेखकाला, त्यातही परक्या देशात आलेल्याला, ‘तुमचं लेखन आवडलं’ हे शब्द इतके दुर्मीळ असतात की शंका घ्यायचीच लाज वाटते. ती लाज सोडा. त्या एजन्सीच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून विचारा. खऱ्या एजंटला याचा राग येणार नाही.

पारख करायला इथे चांगल्या जागा आहेत. ऑस्ट्रेलियन लिटररी एजंट्स असोसिएशन ही एजंटांची संघटना आहे. तिची आचारसंहिता आणि सभासदांची यादी कोणालाही पाहता येते. ऑस्ट्रेलियन सोसायटी ऑफ ऑथर्स ही लेखकांची संस्था १९६३ पासून लेखकांच्या हक्कांसाठी काम करते आहे, आणि ती करारही तपासून देते. मला स्वतःला मात्र सर्वांत आवडणारी वाट ग्रंथालयातून जाते. तुमच्या लेखनाच्या जातकुळीची, इथे छापलेली चार पुस्तकं काढा आणि शेवटचं आभाराचं पान वाचा. बहुतेक लेखक तिथे आपल्या एजंटचं नाव घेतात. त्या नावाच्या मागे छापलेलं, विकलं गेलेलं पुस्तक तुमच्या हातात असतं. याहून भक्कम शिफारस कुठली?

एजंटने होकार दिला, की सहीच्या आधी विचारा: लेखकांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवता का? आल्यावर किती दिवसांत देता? हस्तलिखित कोणाकोणाला पाठवलं ते कळवाल का? आणि संबंध तोडायचे झाले तर कसे? एजंट सोडला तरी त्याने करून दिलेल्या जुन्या करारांवर त्याचं कमिशन सहसा चालूच राहतं, हेही ध्यानात असू द्या.

एजंट मिळालाच नाही तर? दारं बंद होत नाहीत. जेन हार्परच्या ‘द ड्राय’ला २०१५ साली व्हिक्टोरिया राज्याचा अप्रकाशित हस्तलिखितासाठीचा पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी कादंबरी छापून आली आणि जगभर गेली. मुंबईत जन्मलेल्या रोआना गोन्साल्विस यांचा ‘द परमनंट रेसिडेंट’ हा कथासंग्रह २०१६ मध्ये पर्थच्या विद्यापीठ प्रकाशनाने काढला. गोमंतकीय कुटुंबातल्या, सिडनीच्या सुनीता पेरेस दा कोस्टा यांची ‘सौदाद’ २०१८ मध्ये जिरामोंडो या छोट्या प्रकाशनाकडून आली. छोटे प्रकाशक आणि विद्यापीठांची प्रकाशनं थेट लेखकांचं लेखनही पाहतात. वाईट एजंटपेक्षा एजंट नसणं केव्हाही बरं, हे माझं ठाम मत आहे.

तेव्हा, ज्यांच्या घरात लिहून तयार असलेलं हस्तलिखित आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती: कोणालाही आधी पैसे देऊ नका, आणि जाणकाराने वाचल्याशिवाय करारावर सही करू नका.